पावती मागणारे मामा

माझ्या थोरल्या मामांइतका पावत्यांवर जीव असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्या दोघांना एका घरात ठेवू नये. न्हावी असो, पुजारी असो की रसवंतीवाला, पैसे देण्याआधी मामा शांतपणे विचारणार, "पावती हाय का?" दुष्काळात मामा आमच्याकडे आलेले असताना गल्लीत टँकर आला, तेव्हा त्यांनी चालकालाही हेच विचारलं. तो पाइप गुंडाळून पुढच्या गल्लीत गेला. त्या दिवशी आम्ही पत्रावळीवर जेवलो. मामा म्हणाले, "चोरीचं पाणी असंल त्याचं."

अशा माणसाला आईने उदगीरच्या घराच्या खरेदीसाठी नांदेडहून बोलावून घेतलं. लग्नापासून भाड्याने राहिलेल्या आईने त्या दोन खोल्यांत तुळस कुठे ठेवायची हेसुद्धा ठरवलं होतं. पण उदगीर जिल्हा होणार अशी हवा होती, आणि घर विकणारे काका रोज थोडे थोडे मागे सरत होते. घाई करणं भाग होतं. मामा मात्र रजिस्ट्री ऑफिसबाहेर बाँड रायटरसमोर मांडी ठोकून एकेका खर्चाची उलटतपासणी घेत बसले. मुद्रांक शुल्क पटलं, नोंदणी फी पटली, लिहिणावळही कुरकुरत पटली.

"हे 'इतर' म्हंजे कोण?"

"इतर म्हंजे इतर, मामा."

"त्यांची पावती हाय का?"

मी खांबाआड उभी राहून ओळख नसल्यासारखं केलं. शेवटी 'इतर'चा चहावर निकाल लागला. त्या चहाचीही मामांनी पावती घेतली.

सही करायची वेळ आली तर मामांनी कागदच मागे सरकवला. "बाईच्या नावावर घेतलं की सरकार एक टक्का सोडतंय. मग दाजींचं नाव कशाला?"

बाबांचा चेहरा उतरला. विकणारे काका उठले. "आता नवा कागद करायलेत का? मग जिल्हा झाल्यावरच बघू."

तेव्हा आई म्हणाली, "बसा भाऊ. आजच करायचंय. लिहा माझं नाव."

चारचौघांत आईचा एवढा स्पष्ट आवाज मी कधी ऐकला नव्हता. बहुधा बाबांनीही नसावा, कारण त्यांनीच काकांसाठी खुर्ची पुढे ओढली.

आता मामांचे गुडघे गेलेत, नांदेडहून येणं होत नाही. फोन मात्र येतो. "घरपट्टीची पावती आली का गं?" पावती केव्हाच आलेली असते, देवघरात ठेवलेली, वर आईचं नाव. त्या पावतीकडे बघत आई म्हणते, "न्हाई आली अजून, दादा." मग मामा सरकारी कारभारावर मनसोक्त चिडतात, आणि चार दिवसांनी पुन्हा फोन करतात.