पेरूवाला दादा आणि आमची तपासणी

मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीन चालवायचो आणि जळोचीत भाड्याच्या खोलीत राहायचो. त्याच खोलीत माझा जोडीदारही राहायचा. तो मोरगावचा, बारामतीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होता. घरमालकाला आम्ही रूम पार्टनर असल्याचं सांगितलं होतं. पणदऱ्याला माझ्या घरीही तेच माहीत होतं.

आम्हा दोघांच्याही आयुष्यात आधी कुणी ना कुणी येऊन गेलं होतं. एचआयव्हीची तपासणी करायला हवी, हे दोघांनाही कळत होतं, पण तो विषय कुणी काढत नव्हतं. सरकारी दवाखान्यात माझी एक चुलत मावशी नर्स होती. मी तिथल्या रांगेत उभा राहिलो असतो, तर दुपारपर्यंत पणदऱ्याला बातमी पोहोचली असती. एवढं कारण मला पुरेसं होतं.

अशात इंदापूरच्या दादाशी ओळख झाली, तीही मोबाइलवर, आमच्यासारख्यांच्या एका ग्रुपमध्ये. हा चाळिशीचा माणूस पेरूची बाग सांभाळून पुण्याच्या एका संस्थेचं काम करायचा. आपल्यासारख्या पोरांना भेटायचं, तपासणीचं सांगायचं, लागलं तर किट आणून द्यायचं, हे ते काम. मी त्याला फोनवर मावशीची अडचण सांगितली, तर तो हसला.

"मग दवाखान्यात पयल्यांदा जाऊच नकोस की. खोलीत बसून कर. बोटाला टोचायचं, पट्टीवर थेंबभर रगात टाकायचं, वीस मिनिटं थांबायचं. येऊ का गुरुवारी?"

पन्नासेक किलोमीटर मोटारसायकल चालवत तो गुरुवारी दुपारी आला. पिशवीत वर पेरू होते आणि खाली दोन खोकी. घरमालकीण दारात होती, तिला त्याने आधी चार पेरू दिले. मग आत येऊन सतरंजीवर बसला आणि खोक्यावर काय लिहिलंय ते आम्हाला मोठ्याने वाचायला लावलं.

"एक रेघ आली म्हंजी चाचणी नीट झाली आन् काय घावलं न्हाय. दोन आल्या, तर लगेच आजार पक्का न्हाय म्हनायचा. दवाखान्यात जाऊन पुन्हा तपासायचं. आन् एक हाय. गेल्या तीन म्हयन्यातलं काय असंल, तर ते आज दिसंलच असं न्हाय. कळलं?"

जोडीदाराचा हात दिवसभर तांब्याची बारीक तार गुंडाळणारा, पण त्या दिवशी त्याला स्वतःचं बोट टोचता येईना. दादाने त्याला घाई केली नाही. "पानी पी. नको वाटत असंल तर आज ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला. त्यावर याने दात दाबून टोचून घेतलं.

ती वीस मिनिटं दादा बागेबद्दल बोलत राहिला. फळमाशी बसू नये म्हणून पेरूला एकेक करून पिशवी कशी घालतात, ते त्याने सविस्तर सांगितलं. त्यातलं मला अर्धंच ऐकू आलं.

माझ्या पट्टीवर एक रेघ आली. जोडीदाराच्या पट्टीवर दोन.

मला आजही लाज वाटते, पण माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कुणाकडनं?" हाच. जोडीदाराने मान खाली घातली. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज चढला नाही, पण शब्द स्पष्ट होते.

"ह्यो प्रश्न आज बाजूला ठीव. आज ह्याच्याजवळ बस. उद्या मी त्याला इंदापूरला नेतो, तिथं तुजी मावशी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मीही गेलो. जोडीदाराने पुन्हा रक्त दिलं. समुपदेशक बाईंनी शांतपणे सगळं विचारलं. रिपोर्टची वाट बघत आम्ही आवारातल्या बाकावर बसलो होतो. जोडीदार एकदम म्हणाला, "दादा, मी किती दिवस जगंन?"

"माजी बारा वर्सं झाली," दादा म्हणाला.

दादालाही एचआयव्ही आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याला कळलं तेव्हा तो इतका खंगला होता, की पेरूचं क्रेट उचलता येत नव्हतं. तपासणी असते, औषध असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. औषध सुरू झाल्यावर तो सावरला. भावाला आणि वहिनीला त्याने स्वतःच सगळं सांगितलं. वहिनी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि तेव्हापासून रोज बांधावरून हाक येते, "भावजी, गोळी!"

"आता मी इसरलो तरी ती इसरत न्हाय," तो म्हणाला.

रिपोर्ट तोच आला. जोडीदार रडला, पण त्याच आठवड्यात त्याने औषध सुरू केलं. मग दादा माझ्याकडे वळला. आजार नसलेल्यानेही रोज एक गोळी घेतली तर लागण टाळता येते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"मला काय झालंय, गोळ्या खायला?" मी म्हणालो.

"काय झालं न्हाय म्हनूनच खायाची. झाडावरच्या चांगल्या फळालाच पिशवी घालत्यात नव्हं का?"

पुण्याच्या डॉक्टरांनी आधी माझी पुन्हा तपासणी केली. मूत्रपिंड आणि कावीळही बघितली. दर तीन महिन्यांनी यायचं, आणि ही गोळी बाकीचे गुप्तरोग थांबवत नाही, तेव्हा कंडोम सोडायचा नाही, असं बजावलं. आम्ही दोघं सकाळी चहाबरोबर आपापली गोळी घेऊ लागलो. चिडचिड, अबोला, सगळं झालं, पण खोली कुणी सोडली नाही. मी तो पहिला प्रश्न त्याला पुन्हा कधीच विचारला नाही.

काही महिन्यांनी जोडीदाराच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडला नाही. असंच राहिलं तर त्याच्यापासून संबंधातून कुणाला लागण होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही दवाखान्यातूनच दादाला फोन लावला. तो बागेत फवारणी करत होता.

"झ्याक झालं," तो ओरडला. "पर गोळी चुकवू नका रं. पंप चालू हाय, ठेवतो."

गेल्या महिन्यात त्याचाच फोन आला. बारामतीतल्या एका तरुणाला दोन रेघा आल्या होत्या आणि पक्क्या तपासणीला तो एकटा जायला घाबरत होता. दादाची पेरूची तोडणी चालू होती.

"तुमच्यातला कोन जातंय का?" त्याने विचारलं.

मी काही बोलायच्या आत जोडीदार म्हणाला, "मी जातो दादा. त्याला सांगा, मी दवाखान्याच्या गेटवरच थांबतो."