भाकसाची जोडी

मालवणच्या एक बाई आमच्याकडे जेवायला येणार होत्या, आणि त्यांनी होकार दिला की माझ्या मुलीचं लग्न ठरणार होतं. मुलगा मुलीच्याच ऑफिसातला. या त्याच्या आई. मुलगी आठवडाभर विनवत होती, "बाबा, साधं चिकन करू. तुम्ही काही आणू नका." पण आमचं मूळ गाव गोदावरीकाठचं. मासे आम्हाला काय नवे? सकाळीच नल्लकुंट्यातल्या घरून स्कूटर काढली आणि हिमायतनगरच्या एका दुकानात समुद्राचा मासा मागितला.

दुकानदाराने बर्फातून ताटाएवढा चपटा मासा काढला. ताजेपणा डोळ्यांवरून कळतो, एवढं मला येतं. डोळे दोन होते, पण एकाच बाजूला. उलटा केला तर खाली नुसतं पांढरं सपाट. मी ओळखलं, याने मासा मधोमध चिरून अर्धा दुसऱ्या कुणाला विकलाय. एका अर्ध्यात दोन डोळे कसे आले, हा प्रश्न मला पडला नाही.

"दुसरा हिस्सा किधर है?"

"ऐसाइच रहता साब. पूरा है."

"हमको नक्को सिखाओ."

मी स्वतःच बर्फात हात घातला आणि शोधून काढला. याचे डोळे उजवीकडे, त्याचे डावीकडे. पांढऱ्या बाजू एकमेकींवर ठेवल्या. चपखल बसल्या.

"देखो," मी म्हणालो.

"हौ साब," म्हणत त्याने दोन्ही तराजूत टाकले.

घरी बायकोने मासे धुता धुता विचारलं, "अहो, एका माशाला दोन शेपट्या कशा?" मी म्हणालो, समुद्रातलं असतं काही काही. तिने दोन्ही अख्खे तळले आणि बजावलं, "पाहुण्यांसमोर तोंड उघडायचं नाही."

पहिल्या घासालाच उघडलं. "ताई, दोन्ही भाग एकाच माशाचे आहेत बरं का. हुडकून आणले."

मुलीने मान खाली घातली ती वर केली नाही. बाईंनी बोटाने मासा जरा उचलून पाहिला.

"भाकस हा. पिल्लू असताना याला दोन्हीकडे एकेक डोळा असतो. मग हा वाळूत एका कुशीवर पडून राहतो, तसा खालचा डोळा सरकून वर येतो. कोण उजवा, कोण डावा. दोन मासे आहेत हे."

"तेच म्हणतोय मी," मी म्हणालो.

बाईंनी वरचं मांस खाल्लं, मधला काटा अख्खा उचलून बाजूला ठेवला, खालचंही संपवलं. हात धुऊन आल्या आणि माझ्याकडे न बघता बायकोला विचारलं,

"मुलगी बापावर गेली नाही ना गो?"

"छे छे," बायको म्हणाली. "कशातच नाही."

"मग साखरपुड्याचं बघा," बाई म्हणाल्या. "मासे मी आणेन."