उपाध्यक्षांची खुर्ची

लोणावळ्याच्या आमच्या कॅथलिक बंधुमंडळाचे अध्यक्ष मालगाडीचे गार्ड होते. सभेतही गाडी सोडावी तसे घड्याळाकडे बघून विचारायचे, "पदाधिकारी जागेवर? मग प्रार्थना." एरवी बोलणं फारसं नाही.

त्या वर्षी उपाध्यक्ष म्हणून मावळातला, रुळांची डागडुजी करणारा एक गँगमन निवडून आला. तो टेबलाशी येताच पदाधिकाऱ्यांत बसलेले रेल्वेचे ट्रॅफिक इन्स्पेक्टर ताडकन उठले. "हा माझ्या शेजारी बसणार?" आमच्यातल्या बहुतेकांच्या नोकऱ्या त्यांच्या हातात होत्या, अध्यक्षांचीसुद्धा.

"मी हितंच मागं बसतो, सायेब," गँगमन पुटपुटला.

"नाही. उपाध्यक्ष जागेवर बसल्याशिवाय प्रार्थना होणार नाही," अध्यक्ष म्हणाले. ते उभेच राहिले.

शेवटी गँगमन खुर्चीच्या कडेवर टेकला. इन्स्पेक्टर तरातरा निघून गेले आणि त्यांच्यामागे आम्ही बरेच जण उठलो. उरलेल्या चौघांची प्रार्थना मी बाहेर पायरीवर उभा राहून ऐकली.

महिन्याभरात अध्यक्षांची भुसावळला बदली झाली. जाताना त्यांनी नेहमीसारखाच माझा हात हातात घेतला. मला मान वर करता आली नाही.