हरभऱ्यासाठी पाठवलेला वास

उदगीरच्या ठेसनावर गाडी हलेपर्यंत माय खिडकीची सळई धरून उभी होती. लातूर जिल्हा नवा नवा झाला होता आणि पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवलं होतं. माझा मोठा भाऊ, दादा, पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. त्याला रजा कुठली? म्हणून मला सोडायला माय एकटीच आली. हैदराबादच्या एका लॅबमध्ये मला काम लागलं होतं. आमच्या बौद्धवाड्यातून एम.एस्सी. झालेली मी पहिलीच. "पोटाला खात जा," एवढंच ती म्हणाली. मी "हाव" म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

तुम्ही जे गावात राहिलात आणि जे माझ्यासारखे निघालात, दोघांनाही सांगते, काम मोठं गमतीचं होतं. हरभऱ्यावर घाटेअळी पडते ना, तिच्या पतंगाची मादी नराला बोलवायला अंगातून एक वास सोडते. तोच वास आम्ही काचेच्या भांड्यांत रसायनं जोडून बनवायचो. त्याचा थेंब रबराच्या टोपणात मुरवायचा, टोपण रानातल्या सापळ्यात टांगायचं. नर लांबून धावत येतो आणि अडकतो. माणसाच्या नाकाला काही कळत नाही. दुसरा वास मिसळू नये म्हणून कामाच्या दिवशी केसाला तेल आणि तोंडाला पावडर बंद. मायनं चोपडलेलं तेल मी पहिल्याच दिवशी साबणानं खसाखसा धुतलं आणि मला हलकं वाटलं, हेही कबूल करते.

पहिल्याच हिवाळ्यात मला मोठेपणा सुचला. आमच्या तीन एकरांत विहिरीच्या तळच्या पाण्यावर हरभरा तेवढा उभा होता. साहेबांना विचारून सहा टोपणं, चंदेरी पाकिटांत बंद, सापळ्यांसकट गावाकडच्या एका माणसाबरोबर पाठवली. सोबत चिठ्ठी, अगदी पुस्तकी मराठीत: 'आमिष सापळ्यात लावावे. सापळ्यात पतंग दिसल्याशिवाय फवारणी करू नये.' शेजारच्या गुरुजींनी ती मायला वाचून दाखवली. संक्रांतीला स्वतः येऊन बघते, असंही लिहिलं होतं.

संक्रांतीला मी गेले नाही. विलायतेचे पाहुणे लॅब बघायला येणार होते, त्यातून माझी तिकडे जायची सोय लागणार होती. मला कुणी अडवलं नव्हतं. मंजूर झालेली रजा मीच रद्द केली.

शिमग्याला गेले ती थेट बांधावर. अळीनं हरभऱ्याच्या घाट्याघाट्याला भोक पाडलेलं! सहाही सापळे मात्र जागच्या जागी, नीट टांगलेले, आणि आत टोपणच नाही. मायनं ते रिकामे सापळे रोज जाऊन पाहिले. पतंग दिसला नाही, म्हणून दादा सुट्टीला आला तरी त्याला फवारू दिलं नाही. लेकीनं लिहिलं होतं ना!

घरी येऊन मी चिडूनच विचारलं, "माय, पाकिटं कुठं गेली?"

तिनं पेटी उघडली. माझ्या शाळेच्या रिबिनीनं बांधलेली सहाच्या सहा पाकिटं. एक तेवढं फोडलेलं.

"तू सौताच्या हातानं केलेलं हाय. उन्हावाऱ्यात कशाला टांगू? एक फोडून वास घेतला, तुझा येतो का बगाया. कायबी न्हाई आला."

एवढी शिकलेली मी, 'ही वापरून संपवायची वस्तू आहे' इतकं साधं वाक्य मला मायच्या भाषेत लिहिता आलं नाही. आणि संक्रांतीला आले असते तर लिहायची गरजच नव्हती, दहा मिनिटांत टांगून झालं असतं. वर्षाचा हरभरा माझ्यामुळे गेला.

टोपण कशासाठी असतं ते मी तेव्हा कुठं समजावून सांगितलं. माय मात्र भाकरी थापत म्हणाली, "त्या वासानं नर लांबून येतेत म्हणं. लेकरं घरला येतील असं काई करता का गं तुमी तिथं?"

ती हसली, म्हणून मीही हसले. उन्हाळा सरायच्या आत विलायतेला गेले.

माय गेली तेव्हाही मी तिकडेच होते. आता लोक विचारतात, घर कुठलं तुमचं? मी लातूर जिल्हा सांगून मोकळी होते. खरं तर घर म्हणजे मला चुलीपुढं बसून मायनं विचारलेला तेवढा एक प्रश्न. तिला काय हवं होतं, मला तेव्हाच कळलं होतं. कळूनही मी हसले.