विलायती केळफूल

पारोळ्याचे गनी मिस्तरी जळगावच्या जुन्या फर्निचरच्या दुकानात एका साइडबोर्डचा मोडका पाय बसवत होते. जेवणघरात भिंतीला लावून भांडी मांडायचं ते लांब टेबल. निमुळते सरळ पाय, त्यांवर उभ्या पन्हळी, पुढच्या फळीवर फुलांच्या माळा आणि मधोमध कलश. ग्रीक-रोमन देवळांवरून उचललेली ही नक्षी इंग्रजांनी आपल्या घरात नेली, मग साहेबांच्या बंगल्यांतून इकडे आणली. वर पाटी होती : 'इंग्लंड, १७९०'.

कलशावरून अंगठा फिरवताना गनीभाई थांबले.

"हाई केळफूल शे," ते दुकानमालकाला म्हणाले. "नीलेशभाऊ, हाई मन्हा आजानं काम शे."

धुळ्याच्या कुणा साहेबाने आजोबांना, उस्मान मिस्तरींना, पुसट छापील चित्र दिलं होतं. झाकणाचा तो उभट विलायती कलश आजोबांना केळफूल वाटला. त्यांनी केळफूल कोरलं, एक पान जरा उचललेलं. साहेब हसला होता म्हणे. घरात मात्र ही चूक तीन पिढ्या कौतुकाने सांगितली गेली.

"चाचा, केळफूल म्हटलं तर लोक भाजी करतील, टेबल नाही घेणार!"

"लाकूड सागनं शे. विलायतमा साग उगस का?"

"हुशार आहात. मग तेवढं पान घासून टाका. कलश करून द्या. दोन तासांचं काम."

दोन तासांचं! साहेबाचं नाव बंगल्याला लागलं, दुकानदाराचं दुकानाला. ज्याने महिनोन्‌महिने वाकून हे लाकूड कोरलं, त्याची खूण म्हणून एक चूक तेवढी उरली होती. तीही पुसायची, आणि पुसायची कोणी, तर त्याच्या नातवाने.

"पाटी बदल," गनीभाई म्हणाले. "उस्मान मिस्तरी, पारोळा. असं लिख."

"पारोळ्याच्या टेबलाला कोण विचारतं, चाचा?"

पायाला लावलेला सरस अजून ओला होता. गनीभाईंनी नुकताच बसवलेला पाय ओढून काढला, नीलेशच्या हातात दिला आणि पटाशी पिशवीत टाकली.

"आते विलायतना मिस्तरी बलाव."

ते बसस्टँडवर पोहोचले. तोवर दुकानातून दुसऱ्या मिस्तरीला फोन गेला होता.