गच्चीवरचं रॉकेट

जेवण झाल्यावर रंजना भोयर डोळे मिटते ती झोपायला नव्हे, नुसते मिटायला, असं ती स्वतःला बजावते. वारा मोजणारा शेवटचा फुगा नुकताच सोडलाय. तो उंच जाऊन वरच्या वाऱ्याचे आकडे पाठवेपर्यंत करण्यासारखं काही नाही. डोक्यावर पंखा घरघरतोय. काचेपलीकडे परक्या देशाचा समुद्र चकाकतोय आणि किनाऱ्यावर रॉकेट उभं आहे, पोटात भारताचा उपग्रह घेऊन. आज ते उडालं नाही तर पुढची संधी इथला पावसाळा सरल्यावर. हवामानाच्या बाजूने होकार द्यायचा की नकार, हे ठरवायला रंजनाला एवढ्या लांब पाठवलंय.

काल आणि परवा तिने नकार दिला, आणि तो बरोबरच होता. वरचा वारा पिसाटला होता. पण आज आकडे बरे येणार अशी चिन्हं दिसू लागल्यापासून तिला होकाराचीच धास्ती वाटतेय. नकार देणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. होकार देऊन काही बिनसलं, तर ते नाव लोक जन्मभर विसरत नाहीत.

पंख्याची घरघर हळूहळू पिठाच्या गिरणीची होते. गिरणीला लागून वर्ध्याचं घर आहे, आणि रंजना त्याचा जिना चढतेय. गच्चीवर रणरणतं ऊन. जुन्या धोतरांवर कुरड्यांच्या रांगा घातलेल्या, आणि पाटावर हातात सोऱ्या घेऊन अनुसूयाबाई, तिच्या सासूबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली हे रंजनाला स्वप्नातही ठाऊक आहे. पण तोंडावर ते बोलणं बरं दिसणार नाही.

"केवढी वाळली व तू," अनुसूयाबाई म्हणतात. "थितं जेवाले देत नाई का?"

"देतात की. सगळं उकडलेलं."

"अन् हे कोनं आणून उभं केलं?"

रंजना वळून बघते. पाण्याच्या टाकीशेजारी रॉकेट उभं आहे, शेजारच्या कडुनिंबापेक्षा कितीतरी उंच. त्याची सावली गच्चीभर पसरलीय.

"माह्या कुरड्यांवर सावली पडून राह्यली," सासूबाई म्हणतात. "उडव ते एकदाचं."

"असं उडवता येत नाही, आई. वारा बघावा लागतो."

"मंग पाह्यला का नाई?"

"पाहिला."

"कसा हाय?"

रंजनाचं उत्तर ठरलेलं आहे. "मर्यादेत राहण्याची शक्यता आहे," ती म्हणते.

अनुसूयाबाई सोऱ्या खाली ठेवतात. 'शक्यता' या एका शब्दाशी त्यांचं जुनं वैर. सून हवामान खात्यात लागली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले होते. मग उन्हाळा आला, आणि गल्लीतल्या बायका रोज सकाळी दारात येऊन विचारू लागल्या, की आज वाळवण घालायचं का. सून प्रत्येकीला सांगायची, अंशतः ढगाळ राहण्याची शक्यता आहे. बायका भिजवलेले गहू घेऊन ताटकळत, आणि सासूबाईंना त्यांच्यासमोर मान खाली घालावी लागे.

"शक्यतेनं कुरडी वाळत नाई," त्या आताही तेच म्हणतात. "होय म्हण नाई तर नाई म्हण. पाह्यलं तूच ना?"

"मीच. पण उद्या काही झालं तर लोक..."

"लोकं म्हनतीन. म्हननारे म्हनतच रायतात. तू परदेशात निघाली पहिल्यांदा, तवा का कमी म्हने? म्या आयकलं का कोनाचं? म्हटलं, जाऊ द्या तिले. पोट्टं राहीन माह्यापाशी."

रंजनाला या बाईची फार आठवण येते, रोज येते, आणि समोर बसलेली असतानाही येते.

गच्चीच्या कठड्यापाशी आता संगणक मांडलेत. गल्लीतल्या सगळ्या बायका कानांना यंत्रं लावून रांगेत बसल्यात आणि रंजनाकडे बघतायत. कोणी घाई करत नाही. रंजना पडद्यावरचे आकडे वाचते. पुन्हा वाचते. वर निळं, मोकळं, स्वच्छ आभाळ आहे.

"होय," ती म्हणते. आवाज चिरकतो, म्हणून ती पुन्हा, गच्चीभर ऐकू जाईल असं म्हणते, "होय. जाऊ द्या."

"आता कसं," अनुसूयाबाई समाधानाने उठतात. पदराआडून वाटी काढतात. "लांब चाललं बिचारं. त्याच्या हातावर दही ठेवाव म्हटलं, तर त्याले हात कुठं हायेत? तूच घे त्याच्या वाट्याचं."

त्या तिच्या तळहातावर दही घालतात. गार.

"मॅडम." खांद्याला हलका धक्का बसतो. भारतीय तुकडीचे प्रमुख सबनीस वाकून उभे आहेत. "फुग्याचे आकडे आले. इथल्या उड्डाण-नियंत्रणातून विचारतायत."

रंजना पडदा बघते. वरचा वारा निवलाय. मर्यादेच्या बराच खाली आहे, आणि आता चढणारही नाही. हे तिला कळतं, आणि कळतंय याची तिला मुळीच भीती वाटत नाही.

"काय कळवू?" सबनीस विचारतात. "अनुकूल राहण्याची शक्यता, असं म्हणू?"

"नको. मी सांगते."

ती माइकचं बटण दाबून धरते. "हवामान: होय," ती इंग्रजीत, स्वच्छ आवाजात सांगते. पलीकडून तिला पुन्हा विचारतात. ती पुन्हा होयच म्हणते.

ऊन कलायच्या आत रॉकेट उठतं. काचा थरथरतात, खोलीतली माणसं उभी राहतात, आणि ज्वाळा सरळ, एवढीशीही न ढळता, वर निघून जाते. जिथे काल वारा पिसाटला होता तिथूनही ती तशीच सरळ पार होते. उपग्रह सुखरूप सुटल्याचं कळतं तेव्हा सबनीस चष्मा काढून डोळे पुसतात. रंजना मात्र हसत असते, मोकळं, भरभरून.

माइक बंद करायला सबनीस हात पुढे करतात आणि थबकतात. काळ्या बटणावर बोटाचा पांढरा, ओलसर ठसा आहे.

"हे काय लागलंय?"

"दही," रंजना म्हणते.

"इथे कुठे मिळालं तुम्हाला दही?"

रंजना तळहात तोंडाशी नेते आणि उरलेलं चाटून घेते. छान आंबट आहे.

"घरून आलं," ती म्हणते.