पेठेतला पहिला स्लॅब

आमच्या अप्पांचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता आणि सिमेंटवर तर मुळीच नव्हता. तरी पेठेतला पहिला स्लॅब त्यांनीच घातला. समोरच्या आडत्याने घरावर मजला चढवला होता, एवढंच कारण. मागच्या खोलीचं माळवद उतरवलं, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं छत गेलं आणि तिथे सिमेंट-काँक्रीट आलं. काम चाललं होतं तोवर अप्पा छत्री घेऊन गवंड्यांच्या डोक्यावर उभे. पोतं आपल्यासमोर फोडायला लावायचे, वाळू मुठीत चोळायचे, सळया मोजायचे. कंत्राटदार हसून चहा मागवायचा, त्याने त्यांचा संशय आणखीच वाढायचा.

मी तेव्हा सासरी, मंद्रूपला होते. दोन-तीन वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आले आणि अव्वाने, म्हणजे आईने, माझी खाट त्या नव्या खोलीत टाकली. खोली झकास होती. माळवदातून विंचू पडेल की माती, याचा नेम नसायचा. इथे वर पाहिलं की नुसता पांढरा चुना.

आषाढात त्या चुन्यात मला एक रेघ दिसली. कोळिष्टक असेल म्हणून केरसुणी फिरवली, तर ती जाईना. पावसाची झड लागली तशी रेघ भिंतीपर्यंत गेली आणि छत मधोमध खाली आल्यासारखं दिसायला लागलं. पोट वाढत होतं आणि ती रेघही. मी खाटेच्या अगदी कडेला, भिंतीला चिकटून झोपायला लागले. छत आलंच खाली, तर माझ्या एकटीवर येणार नव्हतं.

अव्वाला सांगितलं, तर तिने माझी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. तिचा संशय आडत्याच्या बायकोवर. अप्पांनी काठीने छत टोचलं, चुन्याची खपली पडली आणि ते लालबुंद झाले.

"चोर हाय तो! सळया काढून नेल्यात!"

"तुमीच मोजल्या की," अव्वा म्हणाली.

"मी मधी जेवायला जात नव्हतो काय?"

मलाही ते पटलं. मी आले त्याच आठवड्यात कंत्राटदार दारावरून जाताना विचारून गेला होता, "ताई, खोली गार हाय न्हवं?" त्याला काय करायची होती चौकशी? मनात पाप असल्याशिवाय कोण विचारतं!

अप्पांनी त्याला बोलावून घेतलं आणि दारातच चोर म्हणाले. तो उलटून बोलला नाही. त्याने वर पाहिलं आणि गच्चीचा जिना विचारला. दोन जिवांच्या बाईने जिना चढायचा नाही, म्हणून मी खाली अंगणात कान टवकारून बसले.

वरून आवाज आला, "मालक, हे काय? वावर घातलंय की तुमी हितं!"

अप्पांचा आवाज एकदम बसला. "माती हाय. पांढरी."

"कुणी घातली?"

"मीच. मिरगाच्या आधी घालतोच की आपण."

आमच्याकडची ती रीतच. उन्हाळा सरताना माळवदावर पांढऱ्या मातीचा थर घालून चोपायचा, नाहीतर घर गळतं. अप्पांनी ती स्लॅबवरही चालू ठेवली होती. भर दुपारी, आडत्या झोपलेला असताना, गुपचूप. चार बोटं जाडीचं छत पाऊस अडवतं, यावर त्यांचा विश्वासच बसेना.

"ह्या सळया छताच्या वजनाला आन वर चार माणसं उभी ऱ्हातील एवढ्याला घातल्यात," कंत्राटदार म्हणाला. "ओली माती लई जड असती. आन ह्या साली एवढी का वो?"

अप्पा म्हणाले, "खाली पोरगी हाय. ऊन लागंल म्हणून."

मला रडू आलं, आणि रागही. गावभर ज्या छताची मिजास मारली, त्याचा स्वतःला काडीचा भरवसा नव्हता, आणि तो सगळा अविश्वास माझ्या डोक्यावर रचून ठेवला होता.

त्याच दिवशी माती खाली आली. माझी खाट पुढच्या खोलीत गेली. कंत्राटदाराने टेकू लावले, भेग भरली, काही दिवसांनी टेकू काढून घेतले आणि शपथेवर सांगितलं की आता काही होत नाही. अप्पा रोज जाऊन काठीने टोचून येत. मी तर त्या दाराकडे फिरकले नाही.

मुलगी झाली. बारशाला पेठेतल्या बायका जमल्या, आणि त्यांना स्लॅब बघायचा होता. अव्वाने पाळणा मागच्या खोलीत, छताच्या कड्यांना बांधला. बायका पाळणा म्हणायला सरसावल्या, आणि मी बाळाला छातीशी धरून उभी राहिले.

"मी ठेवणार नाही," मी म्हटलं. सगळ्यांदेखत.

बारशात पुरुष येत नाहीत. अप्पा आले. त्यांनी रुमाल डोक्यावरून काढून अव्वाच्या हातात दिला, धोतर खोचलं, पाळण्याचे दोन्ही दोर मुठीत धरले आणि पाय उचलले. त्यांचं ते भलंथोरलं अंग लोंबकळत राहिलं, डोळे घट्ट मिटलेले. बायकांनी पदर तोंडाला लावले. वरून काही पडलं नाही.

ते धापा टाकत खाली उतरले आणि माझ्यासमोर हात पसरले. मी एकदा वर पाहिलं, आणि बाळ त्यांच्या हातात दिलं.